किडनीच्या आजारांची एकसारखी नावं

किडनी किती काम करतेय आणि तिला नेमकं काय झालंय, हे सगळ्या डॉक्टरांनी, लॅबनी एकाच शब्दांत आणि एकाच आकड्यांत लिहावं यासाठी ठरवलेली ही पद्धत आहे. केडिगो ही किडनीविषयी मार्गदर्शक सूचना काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिनं 2019 मध्ये यावर तज्ज्ञांची परिषद घेतली आणि 2020 मध्ये अहवाल आला. पेशंटला कळेल असं लिहा आणि नेमकं लिहा, हा त्यातला गाभा. म्हणून 'रीनल', 'नेफ्रो' अशा जोडशब्दांऐवजी इंग्रजीतसुद्धा सरळ 'किडनी' म्हणा आणि 'एंड स्टेज' हा शब्द सोडा असं सुचवलंय. हे फार बरं झालं, कारण डायलिसिसवर कामधंदा सांभाळणाऱ्या माणसाच्या फाईलवर 'शेवटची स्टेज' लिहिलेलं घरच्यांनी का वाचावं.

कोल्हापुरात याची गरज रोज दिसते. कागल, शिरोळ, गडहिंग्लजचा पेशंट गावातल्या डॉक्टरकडून सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या दवाखान्यात येतो, रिपोर्ट दोन-तीन लॅबचे असतात, आणि घरी एकच वाक्य पोचतं, 'किडनी फेल झाली'. प्रत्यक्षात किडनी फेल्युअर म्हणजे गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, मिनिटाला 15 मिलिलिटरच्या खाली जाणं किंवा डायलिसिस चालू असणं. 50 जीएफआरवाल्याला तो शब्द लावला की माणूस जेवण सोडतो, झाडपाल्याच्या मागं लागतो आणि बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र चुकवतो.

नुसतं 'क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढलंय' म्हणूनही भागत नाही. समजा नवराबायको दोघंही 58 वर्षांचे आणि दोघांचंही क्रिएटिनिन 1.4 आलं, तर क्रिएटिनिनवरून जीएफआर काढायच्या 2021 च्या सूत्रानं नवऱ्याचा जीएफआर साधारण 58 येतो आणि बायकोचा 44 च्या आसपास, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि बाईच्या अंगात स्नायू बहुतेक वेळा कमी असतात. म्हणजे जीएफआरच्या गटांत तो जी3ए आणि ती त्याखालच्या जी3बी मध्ये, आकडा एकच दिसला तरी तिच्या किडनीचं काम जास्त घटलेलं, आणि बायकांचं दुखणं घरात आधीच मागं पडतं त्यामुळं हे रिपोर्टवर छापून यायलाच हवं.

जीएफआरचे गट जी1 (90 आणि वर) ते जी5 (15 च्या खाली). लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे ए1, ए2, ए3, त्यांच्या सीमा लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागं 30 आणि 300 मिलिग्रॅम. ए2 साठीचा जुना 'मायक्रोअल्ब्युमिन्युरिया' शब्द टाळायचा, कारण 'मायक्रो' ऐकून लोक किरकोळ समजतात, आणि डायबेटिसवाल्याला पहिला इशारा बऱ्याचदा तिथंच मिळतो.

काळही महत्त्वाचा. बिघाड 3 महिन्यांपेक्षा जास्त टिकला तरच तो क्रॉनिक, म्हणजे जुनाट. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) झाला किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं आणि 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 नं चढलं, तर ती अक्यूट इंज्युरी, म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा. वेळेत उपचार मिळाले तर यातली बरीच माणसं सावरतात, त्यामुळं एकाच रिपोर्टवरून 'कायमचा आजार' असा शिक्का मारू नये, टेस्ट परत करावी.

फाईलवर पूर्ण निदान लिहायचं तर कारण, जी आणि ए तिन्ही हवेत: 'डायबेटिसमुळं किडनीचा जुनाट आजार, जी3ए ए2'. डायलिसिस चालू असेल तर जी5 पुढं डी, किडनी बदलली असेल तर गटापुढं टी लावतात.