शर्यतीचे हेल्मेट आणि जुनी रेसिंग गाडी : घरगुती रंगकाम

शर्यतीचे हेल्मेट किंवा जुनी रेसिंग गाडी व्यावसायिक रंगाऱ्याकडे न देता घरच्या गॅरेजमध्ये स्वतः रंगवण्याचा छंद. कॉम्प्रेसर, स्प्रे गन, मास्किंग टेप आणि पॉलिश पेपर दोन्हीकडे तेच. पण चुकलेली गाडी पुन्हा घासता येते. हेल्मेट चुकले तर ते डोक्यावर घालण्याच्या लायकीचे राहीलच असे नाही.

एकेकाळी रेसिंग गाडीचा रंग देशाचा असे : इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा आणि पुढे चंदेरी. 1968 मध्ये ब्रिटनच्या लोटस संघाच्या फॉर्म्युला वन गाड्या गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात उतरल्या आणि गाडीचे अंग जाहिरातदारांचे झाले. चालकाचे स्वतःचे म्हणावे असे उरले ते हेल्मेट. ब्रिटिश चालक ग्रॅहम हिलच्या गडद निळ्या हेल्मेटवर त्याच्या लंडन रोइंग क्लबच्या वल्ह्यांची पांढरी पाती होती. मुलगा डेमनने तीच नक्षी पुढे चालवली. जॅकी स्टुअर्टने पांढऱ्या हेल्मेटभोवती आपल्या घराण्याच्या चौकटी कापडाचा पट्टा रंगवून घेतला. आयर्टन सेनाचे पिवळे हेल्मेट साओ पाउलोच्या सिड मोस्काने रंगवलेले. 2015 मध्ये मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयएने फॉर्म्युला वन चालकांना हंगामाच्या मध्यात नक्षी बदलण्यास मनाई केली, ती ओळख टिकावी म्हणूनच. 2020 पासून ही मनाई उठली.

हेल्मेट रंगवण्याआधी त्याचे कवच कशाचे आहे ते पाहावे लागते. फायबरग्लास किंवा कार्बनचे कवच योग्य रंग सोसते. साच्यात ओतलेले पॉलिकार्बोनेटचे कवच थिनरने ठिसूळ होऊ शकते, आणि ते वरून दिसत नाही. एफआयएच्या नियमांतही उत्पादकाने सांगितलेलाच रंग वापरावा, साच्यातले कवच बहुधा रंगवण्याजोगे नसते आणि रंग आत झिरपू देऊ नये, असे बजावले आहे. आतले अस्तर थर्मोकोलच्याच जातीचे असते. थिनरचा थेंब पडला की थर्मोकोल विरघळते. हे ज्याने पाहिले आहे, तो व्हायझरची खिडकी आणि खालची कड दोनदा टेपने बंद करतो. उष्णताही या अस्तराला सोसत नाही, म्हणून रंग भट्टीत वाळवण्याचा मोह टाळायचा. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटाला एफआयएच्या नियमांत 1800 ग्रॅमची मर्यादा आहे, त्यामुळे थरावर थर चढवणेही परवडत नाही.

हिलसारखी वल्ही काढायची झाली तर क्रम उलटा लागतो. व्हायझर, रबर, झडपा काढून मूळ चकाकी पॉलिश पेपरने फक्त मंद करायची. कवचाचे धागे उघडे पडता कामा नयेत. मग प्रायमर, त्यावर सगळीकडे पांढरा. तो वाळला की पात्यांच्या आकाराची टेप चिकटवून वर निळा मारायचा. कागदी टेप गोलाईवर सुरकुतते आणि सुरकुतीखालून निळा आत शिरतो, म्हणून कडेला ताणली जाणारी बारीक प्लास्टिकची टेप हवी. निळा पुरता कडक होण्याआधी टेप स्वतःवरच दुमडत हळू ओढली की कड साफ सुटते. तरीही निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर नखाला पायरी लागते. वर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक रंगाचे, दोन-तीन हात मारून, 1500 आणि 2000 नंबरच्या बारीक पेपरने पाणी लावून घासत ती पायरी बुजवायची. नख अडकेनासे झाले की पॉलिश.

हार्डनर मिसळून कडक होणाऱ्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट नावाचे घातक रसायन असते. त्याने कायमचा दमा लागू शकतो आणि साधा मास्क ते अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर क्लिअरचा हात तेवढा वर्कशॉपमध्ये मारून घ्यावा. यात छंदाला कमीपणा नाही. पावसाळ्याचे म्हणाल, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत लॅकर दुधाळ पडते. ते काम दसऱ्यानंतरच काढलेले बरे.

गाडीचा प्रश्न निराळा : जुन्या रंगाखाली काय आहे? अनेक जुन्या गाड्यांवर सेल्युलोज रंग असतो. थिनरचा बोळा आडोशाच्या जागी चोळला आणि रंग फडक्यावर उतरला, तर तो बहुधा सेल्युलोज. त्यावर थेट आधुनिक रंग मारल्यास खालचा थर फुगून सुरकुतू शकतो. उघड्या ॲल्युमिनियमवर आधी त्यासाठीचा प्रायमर लागतो, नाहीतर रंग पापुद्र्याने सुटतो. जुन्या थरांत शिसेही असू शकते, म्हणून कोरडे घासू नये.

शर्यतीतला मूळ रंग टिकून असेल तर तो ओरखड्यांसकट ठेवावा, हेच बरे. नंतर कोणी मारलेला फिका लाल खरवडायला मात्र हरकत नाही. गुळगुळीतपणाचा आग्रहही शोरूमचा आहे, ट्रॅकचा नव्हे. 1979 मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने बीएमडब्ल्यू एम1 ब्रशने स्वतः रंगवली, सुमारे 28 मिनिटांत. ब्रशचे फटकारे तसेच ठेवून ती गाडी त्याच वर्षी ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत धावली आणि सहावी आली.