आधी फ्रिज आला, मग कुकी: कापून भाजायच्या चॉकलेट कुकीजची पार्श्वभूमी

मागच्या रविवारी आत्या आली होती, आणि मी फ्रिजमधून बटर पेपरात गुंडाळलेला चॉकलेटी रोल काढून कापायला घेतला, तर ती ओट्याजवळ येऊन बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे तर अळूवडीसारखं झालं की! उंडा करायचा, गार होऊ द्यायचा आणि मग कापायचा." इतकी वर्षं मी या कुकीज करतेय पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि ती गेल्यावर मला राहवेना, म्हणून ही कुकी आली कुठून आणि पुण्यातल्या स्वैपाकघरात पोचायला तिला एवढा वेळ का लागला ते सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट म्हणजे ही ओव्हनची कुकी नाहीये, फ्रिजची आहे. भाजायला ओव्हन लागतोच, पण ओव्हन तर बाकीच्या सगळ्या कुकीजना पण लागतो. हिचं वेगळेपण भाजायच्या आधीचं आहे, पीठ लांबट गोल वळायचं, दोन तास थंडीत ठेवायचं आणि कडक झालं की सुरीने चकत्या पाडायच्या. लाटणं नको, साचा नको, ओटाभर मैदा सांडणं नको. अमेरिकेत हिला जुनं नावच आहे आइसबॉक्स कुकी. आइसबॉक्स म्हणजे विजेच्या फ्रिजच्या आधीचं लाकडी कपाट, आतून पत्रा मारलेला, वरच्या कप्प्यात बर्फाची लादी आणि खाली दूध-लोणी वगैरे. बर्फवाला घरोघरी लादी आणून द्यायचा. म्हणजे पीठ घरात गार ठेवायची सोय तिकडे विजेच्या आधीपासून होती, आणि मग १९२० च्या दशकात घरगुती फ्रिज यायला लागले, १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा तो डोक्यावर गोल यंत्र असलेला मॉनिटर टॉप आला आणि हळूहळू फ्रिज ही फक्त श्रीमंतांची वस्तू राहिली नाही. फ्रिज विकणाऱ्या कंपन्या सोबत पाककृतींच्या पुस्तिका द्यायच्या, कारण लोकांना प्रश्न पडायचा की दूध आणि मटण सोडून या कपाटात करायचं काय. त्या पुस्तिकांमध्ये गार पुडिंगं, सॅलडं आणि या कापायच्या कुकीज. आज पाहुणे आले तर चार चकत्या कापा, उरलेला रोल परत आत, उद्या परत ताज्या. मला हे फार आवडतं, एखादं यंत्र घरात येतं आणि त्याच्या जोडीला एक खाऊ जन्माला येतो.

पुढे १९५० च्या दशकात पिल्सबरी या अमेरिकन कंपनीने तयार पिठाचे रोलच दुकानात विकायला आणले, तिथून 'कापा आणि भाजा' हे नाव घरोघरी झालं. आणि चॉकलेट चिप कुकी म्हणजे हीच, असा बऱ्याच जणांचा समज असतो तो मात्र चूक आहे. चॉकलेट चिपवाली कुकी १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस नावाच्या खानावळीत रूथ वेकफिल्ड बाईंनी केली, त्यात पिठात चॉकलेटचे तुकडे असतात आणि ती चमच्याने ट्रेवर टाकतात. आपल्या रोलमध्ये पिठातच कोको मिसळलेला असतो, तुकडे आले की सुरी अडकते आणि चकती फुटते.

आता पुणे. थंडीचं कपाट आपल्याकडे नव्हतं पण भट्टी होती, आणि ती लष्करातून आली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि इंग्रजांनी पुण्याशेजारी छावणी वसवली, तोच आपला कॅम्प. गोऱ्या सैनिकांना पाव लागायचा, पावाला भट्टी आणि भट्टीला कारागीर. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधल्या यझ्द आणि केरमान भागातून इराणी मंडळी मुंबई-पुण्याला आली आणि त्यांनी कॅफे आणि बेकऱ्या काढल्या. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. तिथलं श्रूजबरी बिस्किट (आपण सगळे श्रुसबेरीच म्हणतो) मूळचं इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचं, तिकडे सतराव्या शतकापासून त्याच्या लिखित पाककृती सापडतात. लोणी, साखर, मैदा, बस. आपल्या चॉकलेट रोलचं घराणं हेच, लोणी जास्त आणि पाणी जवळजवळ नाही असं खुसखुशीत पीठ. त्यामुळे पुणेकरांच्या जिभेला ही चव नवीन कधीच नव्हती, दुपारी दुकान बंद व्हायच्या आत रांगेत उभं राहून आपण ती आणतच होतो.

नानकटाईची गोष्ट अजून जुनी. सुरतेला डच लोकांची वखार होती, त्यांची बेकरी पुढे एका पारशी कारागिराकडे आली आणि त्याच्या हातून नानकटाई घडली असं सांगतात. पुण्यात पेठांमधून तिचा जो रिवाज होता तो ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळा सांगायला नको. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप किंवा डालडा मोजून डब्यात भरायचं आणि बेकरीत न्यायचं, तिथला कारागीर पीठ मळून पत्र्यावर गोळे मांडायचा, आपण चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि बाकावर बसून राहायचं. आत्या आणि माझे वडील लहानपणी शनिवार पेठेतून असेच जायचे. एकदा त्यांचा पत्रा दुसऱ्या कुणाच्या तरी पत्र्याशी बदलला आणि घरी आल्यावर आजीने पहिला घास घेताच ओळखलं की हे आपलं तूप नाही. आजी परत गेली आणि बदलून घेऊन आली! आत्या हे सांगताना अजून तितकीच गंभीर होते, कारण त्या डब्यात महिनाभराचं साठवलेलं साजूक तूप होतं.

म्हणजे भट्टी बेकरीत आणि जिन्नस घरचं, अशी वाटणी होती. या वाटणीत कापायच्या कुकीला जागाच नव्हती. तिला पीठ मळणं आणि भाजणं यांच्या मधे दोन तास थंडी हवी, आणि बेकरीच्या बाकावर बसून मे महिन्यात कुठली थंडी? बर्फ पुण्यात मिळायचा, लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून सायकलवरून यायची, पण ती लग्नकार्याला, आइस्क्रीमच्या पॉटला आणि उसाच्या गुऱ्हाळाला. पीठ गार करायला कोण आणणार. (बर्फाचं तर काय सांगावं, १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यातला बर्फ जहाजात भुशात भरून कलकत्त्याला आणला होता, चार महिने समुद्रात! इतकी धडपड, आणि तीही साहेबांचं पेय गार व्हावं म्हणून.) घरात दूध गार राहायचं ते पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून, वर ओलं फडकं टाकून.

चॉकलेटकडे वळते. कोको पावडर ही गोष्ट दोनशे वर्षांची पण नाहीये. १८२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन घराण्याने कोकोच्या बियांमधली चरबी दाबून काढायची पद्धत पेटंट केली, उरलेली पेंड दळली की पावडर. त्यांनीच ती क्षारात मुरवायची युक्ती काढली, त्यामुळे कोको काळसर होतो, आंबटपणा जातो आणि पाण्यात-दुधात नीट मिसळतो. आज दुकानात डच प्रोसेस लिहिलेलं असतं ते हेच. आणि हे नुसतं नावापुरतं नाहीये, साधा कोको आंबट असतो म्हणून त्याच्याबरोबर खायचा सोडा चालतो, डच कोकोत आंबटपणाच नाही तर सोड्याला प्रतिक्रिया द्यायला काही उरत नाही, तिथे बेकिंग पावडरच घालायची. ज्यांच्या कुकीजना साबणासारखी चव येते त्यांनी आधी डबा उलटा करून हे वाचावं.

भारतात कॅडबरी १९४८ मध्ये आली, सुरुवातीला माल बाहेरून यायचा, मग १९६५ पासून केरळात कोकोच्या लागवडीचं काम सुरू केलं. आपल्या तळेगावजवळ इंदुरीला त्यांचा कारखाना आहे, जुन्या रस्त्याने गेलेल्यांना माहीत असेल. १९७३ मध्ये मंगळूरकडच्या शेतकऱ्यांनी कॅम्पको ही सहकारी संस्था काढली आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. पण घरगुती स्वैपाकघराच्या दृष्टीने मला सगळ्यात महत्त्वाचं नाव वाटतं ते वीकफिल्ड, आणि ती कंपनी आपल्या पुण्याचीच, १९५६ ची. कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडर, कोको, हे छोट्या डब्यांतून वाण्याकडे मिळायला लागलं म्हणून आमच्या आयांनी वाढदिवसाला चॉकलेट केक करून बघितला. कोको घरात होता म्हणून पुढचं सगळं घडलं.

मग फ्रिज. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. पण मध्यमवर्गी वाड्यात तो पोचायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि आला तेव्हा स्वैपाकघरात नाही तर बाहेरच्या खोलीत उभा राहिला, वर क्रोशाचं झाकण आणि फुलदाणी. आमच्याकडे १९८३ मध्ये आला. त्यात पाण्याच्या बाटल्या, दूध, सायीचं भांडं आणि उन्हाळ्यात रसना. पीठ? कणीक सुद्धा ठेवायची नाही, शिळी होते, हा आजीचा नियम. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं, ताज्या पोळीच्या घरात मुरलेल्या पिठाला मान कसा मिळणार. म्हणून मला वाटतं की आपल्याकडे फ्रिज आला तरी फ्रिजची कुकी लगेच आली नाही, पीठ थंड ठेवून ते सुधारतं ही कल्पनाच रुजायची होती.

ओव्हनचं पण तसंच. आधी तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काच असलेला, त्यात केक व्हायचा पण खालून करपायचा. काही जणी कढईत वाळू घालून किंवा कुकरची शिट्टी काढून करायच्या. या सगळ्यात केक जमतो, कारण केक एकच आणि मोठा, कुकीज तीस-पस्तीस असतात आणि त्यांना सपाट ट्रे आणि वर-खाली सारखी धग लागते. ओटीजी, म्हणजे विजेचे छोटे ओव्हन, घरोघरी आले आणि मग पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारात बटर पेपर, चॉकलेट कंपाउंड, मोजायचे कप सगळं मिळायला लागलं, तेव्हा कुठे फ्रिज, ओव्हन आणि कोको एका ओट्यावर जमले.

आता थंडी नक्की काय करते, कारण इतिहास तिथेच तर अडकला होता. लोणी २० अंशाच्या आसपास मऊ आणि ३२-३५ ला वितळलेलं. गरम पीठ ओव्हनमध्ये गेलं की लोणी आधी वाहून जातं आणि कुकी पसरते, गार पिठात मैद्याला आकार धरायला वेळ मिळतो. शिवाय त्या दोन तासांत मैदा आणि कोको ओलावा शोषून घेतात, कोको तर फारच, त्यामुळे मळताना ढिलं वाटणारं पीठ नंतर नीट धरतं, म्हणून वर अजून मैदा घालायचा मोह टाळायचा. आपल्या बाजारातल्या बटरमध्ये कमीत कमी ८० टक्के स्निग्धांश असतो. घरचं पांढरं लोणी वापरलं तर आत ताक राहतं, ते गार पाण्याने तीन-चार वेळा धुऊन घट्ट पिळून घ्यायला लागतं. तुपात पाणी नसतंच, त्याची कुकी भुसभुशीत होते, थेट नानकटाईकडे जाते, वाईट नाही पण वेगळी.

माझं माप १०० ग्रॅम बटर, ८० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको, चिमूटभर बेकिंग पावडर, लागलं तर चमचाभर दूध. खारं बटर असेल तर मीठ नको. चार सेंटिमीटर जाडीचा रोल, फ्रिजमध्ये दोन तास, अर्धा सेंटिमीटरच्या चकत्या, १७० अंशावर ११-१२ मिनिटं. चॉकलेटी कुकीचा रंग बदललेला कळत नाही म्हणून घड्याळावरच भरवसा ठेवायचा, बाहेर काढताना मऊ लागतात, गार झाल्या की कडक होतात. रोल ठेवताना खालची बाजू चपटी होते त्याला मी स्टीलच्या उभ्या ग्लासात ठेवते, आणि कापताना दर चकतीला रोल थोडा फिरवते.

हे फिरवणं मला आत्याने शिकवलं, त्याच रविवारी. अळूवडीचा उंडा ती तसाच कापते, एकाच बाजूने दाबलं तर थर चेपतात म्हणून. चिरोट्याला, बाकरवडीला पण हेच. मी तिला म्हटलं की अगं आत्या, मग तुला सगळं येतच होतं की. तर म्हणाली, "येत होतं ग, पण गार करायला जागा कुठे होती." मग तिने उरलेला अर्धा रोल परत कागदात गुंडाळला, दोन्ही टोकं चॉकलेटच्या वेष्टनासारखी पिळली आणि विचारलं की गुरुवारी लाइट गेले तर चालेल का याला. चालेल म्हटलं, फ्रीजरमध्ये ठेव, दार उघडलं नाही तर दुपारपर्यंत काही होत नाही. तिला तो अर्धा रोल डब्यात घालून दिला, बरोबर बर्फाच्या चार खड्यांची पिशवी, रिक्षाने कोथरूड ते शनिवार पेठ तेवढं पुरतं.