शित्झूचे केस गळत नाहीत म्हणे, मग जातात कुठे?

शित्झू, म्हणजे लांब केसांची ती छोटी कुत्र्याची जात, विकताना एक वाक्य हमखास ऐकवतात, "याचे केस अजिबात गळत नाहीत, सोफा एकदम क्लीन राहील". अर्धंच खरं आहे ते. केस गळतात, फक्त खाली पडत नाहीत, शेजारच्या लांब केसांत अडकून तिथेच मुक्काम ठोकतात, आणि घरी ग्रूमिंग करताना जो काय वैताग येतो तो सगळा इथूनच सुरू होतो.

मुळात केस एवढे लांब का? तर प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, सुटतो, त्या जागी नवा येतो. लॅब्राडॉरमध्ये हा वाढीचा काळ छोटा, म्हणून केस आखूड आणि घरभर. शित्झूमध्ये "आता बास कर" असा सिग्नल देणारं एफजीएफ5 नावाचं जीन बदललेलं असतं, त्यामुळे केस आपला वाढतच राहतो. मिशा, दाढी आणि त्या म्हाताऱ्या आजोबांसारख्या भुवया आरएसपीओ2 मुळे, आणि गंमत म्हणजे केस कमी पडण्याशीही याच जीनचा संबंध सापडलाय. 2009 मध्ये 'सायन्स'मध्ये 80 जातींच्या 1000 पेक्षा जास्त कुत्र्यांचा अभ्यास छापून आला होता, त्यात ही दोन आणि कुरळेपणाचं केआरटी71, एवढ्या तीनच जीन्सवर बहुतेक जातींच्या कोटमधला, म्हणजे अंगावरच्या केसांमधला फरक उलगडतो असं निघालं.

आता गुंता. केसावर बारीक खवले असतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. घासलं की केस एकाच दिशेने सरकतात, एकमेकांत अडकतात आणि मागे येत नाहीत. लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये टाकला की आटून घट्ट होतो ना, तीच प्रोसेस. म्हणून गाठी कुठे होतात बघा, कानामागे, पुढच्या पायांच्या काखेत, पट्ट्याखाली, म्हणजे जिथे सतत घासतं तिथेच. पाण्याने केस फुगतो, खवले उचलले जातात आणि वाळताना गाठ अजून आवळते. त्यामुळे आधी विंचरणं, मग आंघोळ, हा क्रम उलटा केलात तर पुढचे दोन तास गेले समजा.

विंचरताना पण बहुतेक लोक वरवर ब्रश फिरवतात, वरून कोट मस्त सिल्की दिसतो आणि खाली कातडीला चिकटून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट थर, तयार झालेला असतो. केस हाताने वर धरायचे, भांग पाडल्यासारखी खालची एक ओळ मोकळी करायची, ती मुळापासून विंचरायची, मग वरची ओळ. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत घालून टोकापर्यंत न अडकता निघाला तरच झालं म्हणायचं.

गाठ सापडली तर मुळाशी दोन बोटांनी घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, घर्षण कमी होतं, मग बोटांनी उभी फाडत जा आणि कंगव्याच्या शेवटच्या दाताने टोकाकडून सुरुवात करा. कात्री नको, प्लीज. गाठीत कातडी तंबूसारखी वर ओढली गेलेली असते, केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही, आणि कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ.

शॅम्पू आपला वापरू नका, आपल्या त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण 5 च्या आसपास, कुत्र्याचा 7 कडे झुकणारा. बेबी शॅम्पूही आपल्याच त्वचेसाठी. नंतर वाळवणं मात्र मनावर घ्या, कमी हीटवर, अगदी काखेपर्यंत, कारण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओल राहिली की मॅलेसेझिया नावाचं यीस्ट माजतं आणि तो आंबूस वास येतो. डोळ्यांखालचे तांबूस डाग म्हणजे घाण नव्हे, अश्रूंतली पॉर्फिरिन्स नावाची रंगद्रव्यं. पुसून कोरडं ठेवायचं, बाकी फार काही होत नाही.

उन्हाळ्यात टक्कल करायची आपल्याकडे भारी हौस. कुत्रा अंगभर घाम गाळून गार होत नाही, धापा टाकून होतो, त्यामुळे पार कातडीपर्यंत कापून फायदा थोडा आणि उन्हाने भाजायची भीती जास्त. एक-दोन सेंटिमीटर ठेवून पपी कट करा, छान दिसतो आणि विंचरायला सोपा. पॉमेरेनियन किंवा हस्की असेल तर तेही नको, त्यांच्यात कापलेला कोट परत यायला कधी कधी महिनोनमहिने लागतात.

आणि कानावरच्या केसांची गाठ खूप जुनी, चपटी, घट्ट असेल तर घरी हात लावू नका, डॉक्टरकडे न्या. ती काढल्यावर कान एकदम मोकळा होतो, कुत्रा डोकं झटकत सुटतो आणि त्या झटक्यांनी कानाच्या पाळीत रक्त साकळून फुगा येऊ शकतो. काढल्यानंतर तासाभराने पाळी एकदा बोटात धरून बघाच, गरम आणि जाड लागली तर परत फोन करा.