एशिया कपचं कांस्य आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपची शिडी

2025 च्या जूनमध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघाने संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला एशिया कपचं कांस्यपदक मिळवलं. सांगलीत हॉकी खेळणारे-बघणारे आम्ही थोडे लोक आहोत, आमच्यात लगेच "आपण आशियात तिसरे" असे मेसेज फिरले. पाठोपाठ प्रश्न आला, "मग वर्ल्डला कधी?" पदक खरं आहे, अभिमानाचंही आहे. पण हे दोन्ही निष्कर्ष त्यातून निघत नाहीत.

घोटाळा होतो तो मैदानी हॉकीमुळे. तिथे सप्टेंबर 2025 मध्ये राजगीरला आपल्या पुरुषांनी कोरियाला 4-1 हरवून एशिया कप जिंकला आणि 2026 च्या वर्ल्ड कपचं तिकीट थेट हातात पडलं. बर्फावरच्या एशिया कपला असं तिकीट जोडलेलं नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे कुस्तीवरून चटकन कळेल. कुंडलच्या मैदानात जोड लावतात: तोलामोलाचे दोन मल्ल बघून कुस्ती ठरते. जिंकणाऱ्याला इनाम मिळतं, नाव होतं. पण त्या जोरावर कुणी महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात उतरत नाही, त्यासाठी जिल्ह्याची निवड चाचणी द्यावीच लागते. आइस हॉकीचा एशिया कप, आणि त्याआधी 2008 मध्ये हाँगकाँगला सुरू झालेला चॅलेंज कप ऑफ एशिया, हे मैदान. खेळ नुकता रुजतोय अशा देशांची जोड लावायची, म्हणजे कुणी वीस-वीस गोल खाऊन घरी जाणार नाही. अल ऐनला म्हणूनच इराण, फिलिपिन्स, मलेशिया, किर्गिझस्तान असे संघ होते. जपान नव्हता, चीन नव्हता. जपानच्या मुली तर जगातल्या सर्वोच्च गटात खेळतात.

वर्ल्ड चॅम्पियनशिप ही मात्र शिडी आहे. दरवर्षी होते. पुरुषांत सगळ्यात वर 16 संघ, त्याखाली डिव्हिजन एक, दोन, तीन आणि तळाला चार. गटात पहिला आलेला पुढच्या वर्षी वर चढतो, शेवटचा खाली येतो. जागतिक क्रमवारीचे गुण इथून आणि ऑलिंपिकच्या वाटेवरून मिळतात, एशिया कपमधून नाही. भारत 1989 पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य असला, तरी अल ऐनच्या त्या पदकापर्यंत आपला एकही वरिष्ठ संघ या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरसुद्धा खेळलेला नव्हता.

मैदानातून शिडीवर जाणारे असतात. अमिरातीने 2009 मध्ये अबू धाबीला चॅलेंज कप जिंकला (भारताचे पुरुष त्यात पहिल्यांदा उतरले ते त्याच वर्षी) आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या तळच्या गटात ते खेळले. पण त्यांच्याकडे बर्फाची बारमाही बंदिस्त रिंक होती. आपल्या बहुतेक खेळाडू लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या. थंडीत तलाव गोठला की खेळायचं, वितळला की थांबायचं, यातच कित्येकींची वर्षं गेली. अडचण हुनराची नाही, बर्फाची आहे, असं माझं स्पष्ट मत.

म्हणून "दुबळ्यांची तर स्पर्धा" असं नाक मुरडणाऱ्यांचंही मला पटत नाही. 2016 ला तैपेईत आपल्या मुली पहिल्यांदा चॅलेंज कपमध्ये उतरल्या तेव्हा त्यांना एकही विजय मिळाला नाही. पुढच्या वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 असं नमवलं, तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. जपानशी गाठ घालून दिली असती तर हे 4-3 कधी दिसलंच नसतं.

आशियात खरंच कोण कितवा हे ज्याला बघायचं असेल त्याने आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा बघाव्यात. त्या वेगळी संघटना भरवते, आणि तिथे बडे-छोटे सगळेच येऊ शकतात. 2025 च्या फेब्रुवारीत हार्बिनला पुरुषांचं सुवर्ण कझाकस्तानने नेलं, महिलांचं जपानने.