क्रुसेडच्या वाटेने परत: ख्रिस्ती शांतियात्रांची पार्श्वभूमी

अकराव्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमकडे निघालेले सशस्त्र जथे स्वतःला यात्रेकरूच म्हणवत. ‘क्रुसेड’, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्ध, हा शब्द पुष्कळ नंतरचा. यात्रेकरूसाठीचा लॅटिन शब्द ‘पेरेग्रिनुस’, आणि त्याचा मूळ अर्थ परका, दुसऱ्याच्या मुलखात आलेला माणूस. हे लोक नवस बोलले, कपड्यांवर क्रूस शिवून घेतला आणि निघाले. १०९६ मध्ये वाटेत ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांची कत्तल झाली. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडलं, तेव्हा तिथल्या मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची झाली. आज वेगवेगळ्या देशांतले ख्रिस्ती गट शांततेसाठी एकत्र यात्रा करतात त्यामागे हा इतिहास आहे. तो माहीत नसेल तर या यात्रांमध्ये प्रायश्चित्ताला इतकं महत्त्व का, हे कळत नाही.

त्याच काळात एक वेगळी वाटही निघाली होती. १२१९ मध्ये, पाचव्या क्रुसेडच्या धामधुमीत, असिसीचा फ्रान्सिस नाईलच्या मुखाशी दमिएत्ता इथे दोन सैन्यांमधली जागा ओलांडून इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला भेटायला गेला. सोबत त्याच्या संघातला एकच बंधू, म्हणजे संन्यासी, हातात शस्त्र नाही. कुणी कुणाचा धर्म बदलला नाही. फ्रान्सिस सुखरूप परतला. १२२१ च्या त्याच्या नियमावलीत मुस्लिमांमध्ये राहणाऱ्या बंधूंसाठी एक कलम आहे: वाद घालू नये, भांडू नये, देवासाठी प्रत्येक माणसाच्या अधीन राहावं. परक्या मुलखात जाणाऱ्या गटासाठी याहून नेमकी सूचना आम्हाला माहीत नाही.

शांतियात्रेचं आजचं रूप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात घडलं. फ्रान्समधल्या वेझले या टेकडीवरच्या गावी ११४६ मध्ये क्लेर्व्होच्या बर्नार्ड या मठाधिपतीने दुसऱ्या क्रुसेडसाठी आवाहन केलं होतं. त्याला आठशे वर्षं झाली त्या १९४६ च्या जुलैमध्ये त्याच टेकडीवर शांतीसाठी यात्रा भरली. चौदा वाटांनी, वेगवेगळ्या देशांतून आणि प्रांतांतून, चौदा मोठे लाकडी क्रूस खांद्यावर वाहून आणले. सुमारे चाळीस हजार लोक जमले. जवळच्या छावणीतल्या जर्मन युद्धकैद्यांनी आम्हालाही येऊ द्या म्हणून विचारलं, आणि बॉम्बने पडलेल्या घरांच्या तुळया जोडून पंधरावा क्रूस केला. इतर क्रूस घडवलेले, चौकोनी, हा ओबडधोबड. यजमानांनी त्याला रांगेत जागा दिली. तो आजही वेझलेच्या चर्चमध्ये उभा आहे. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, इंग्लंडमध्ये याच धर्तीवर चौदा क्रूस वॉल्सिंगहॅम या तीर्थस्थळी पायी नेण्यात आले.

युद्ध संपायच्या आतच या कामाची एक संघटना उभी राहिली होती. मोंतोबाँचे बिशप पिएर-मारी तेआस यांनी ज्यूंच्या हद्दपारीचा जाहीर निषेध केला होता आणि १९४४ मध्ये त्यांना अटक झाली. कोंपिएन्यच्या छावणीत असताना त्यांनी सहकैद्यांना जर्मनांसाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि ते अनेकांना रुचलं नाही. मार्थ दोर्तेल-क्लोदो या शिक्षिका जर्मन लोकांसाठी प्रार्थना करणारा गट जमवत होत्या. त्यांच्या पुढाकारातून आणि बिशपांच्या पाठिंब्यातून मार्च १९४५ मध्ये ‘पाक्स ख्रिस्ती’ (ख्रिस्ताची शांती) ही संघटना सुरू झाली. पुढे तिने अनेक देशांच्या तरुणांच्या पायी यात्रा काढल्या. दिवसा चालायचं आणि चालता चालता ठरलेल्या विषयावर बोलायचं, अशी त्यांची रीत. ती अजून टिकून आहे, कारण समोरासमोर बसून न निघणारा विषय शेजारी चालताना निघतो.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा धागा वेगळा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात तिथलं कॅथीड्रल जळालं. छताच्या तुळयांमधले मध्ययुगीन हाताने घडवलेले खिळे राखेत सापडले. त्यातले तीन जोडून एक क्रूस तयार झाला. कॅथीड्रलचे प्रमुख (प्रोव्होस्ट) रिचर्ड हॉवर्ड यांनी पडक्या वेदीमागच्या भिंतीवर ‘हे बापा, क्षमा कर’ एवढेच शब्द कोरून घेतले. शुभवर्तमानात वाक्य आहे ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’. ‘त्यांना’ मुद्दाम गाळला, म्हणजे क्षमेची गरज असणाऱ्यांत आपणही आलो. त्या एका गाळलेल्या शब्दावर समेटाचं पुढचं सगळं काम उभं आहे. १९४७ मध्ये खिळ्यांचा एक क्रूस बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या कील या जर्मन शहराला दिला. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीकडून तरुण ब्रिटिश स्वयंसेवक ड्रेस्डेनला गेले आणि ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बनी पडलेल्या रुग्णालयाच्या पुनर्बांधणीत राबले. जर्मनीतून उलट दिशेनेही लोक निघाले. १९५८ मध्ये लोथार क्रायसिग यांनी ‘आक्त्सिओन झ्यूनेत्सायखेन’, म्हणजे प्रायश्चित्ताची खूण, ही चळवळ सुरू केली. ज्यांना आपण छळलं त्यांच्या देशात जाऊन, त्यांनी परवानगी दिली तर, हातांनी काहीतरी बांधून द्यायचं, असं तिचं आवाहन होतं. परवानगी मागणं हा त्यातला जीव आहे.

याच चळवळीच्या स्वयंसेवकांनी बर्गंडीतल्या तेझे गावी समेटाचं चर्च बांधलं. ६ ऑगस्ट १९६२ रोजी ते खुलं झालं. तेझेची कथा १९४० ची. पंचवीस वर्षांचे स्विस प्रोटेस्टंट रोजे शुट्झ ऑगस्टमध्ये तिथे आले. विभागलेल्या फ्रान्सची सीमारेषा जवळून जात होती. पळून येणाऱ्यांना, त्यांत ज्यूंनाही, त्यांनी घरात आसरा दिला. १९४२ च्या शेवटी ते स्वित्झर्लंडला गेले असताना धोका वाढला आणि त्यांना तेझेला परतता आलं नाही. १९४४ मध्ये ते एकत्र राहून प्रार्थनेचं जीवन जगणाऱ्या काही बंधूंसह परत आले. पुढे आसपास जर्मन युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या. बंधूंनी परवानगी काढून रविवारी कैद्यांना जेवायला आणि प्रार्थनेला बोलवायला सुरुवात केली. ज्या घरात कालपर्यंत जर्मनांपासून लपलेले लोक होते, त्याच घरात. १९४९ च्या ईस्टरला सात बंधूंनी आजन्म व्रत घेतलं. पुढे या समुदायात कॅथॉलिकही आले.

तरुणांची गर्दी साठच्या दशकात वाढू लागली. १९७१ च्या ईस्टरला चर्च पुरेना म्हणून त्याची दर्शनी भिंत पाडून पुढे तंबू जोडला. १९७८ पासून वर्षअखेरीस एखाद्या मोठ्या शहरात मेळावा भरू लागला, आणि १९८२ पासून या सगळ्याला ‘पृथ्वीवरील विश्वासाची यात्रा’ हे नाव मिळालं. डिसेंबर १९८५ मध्ये ती मद्रासला पोहोचली. १९८९ च्या अखेरीस, बर्लिनची भिंत पडून जेमतेम दीड महिना झाला असताना, ती पोलंडमधल्या व्रोत्सुआफला भरली. त्याआधी सत्तावीस वर्षं बंधू गाजावाजा न करता पूर्व युरोपात ये-जा करत होते. १९८९ चा मेळावा आयत्या वेळी उभा राहिला नव्हता.

वर्षअखेरीच्या मेळाव्याची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. काही बंधू, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सिस्टर आणि स्वयंसेवक तीन-चार महिने आधीच यजमान शहरात राहायला जातात आणि एकेक पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, पालथं घालतात. घरोघरी मागणी एकच: झोपायला दोन चौरस मीटर जमीन. पलंग नको, कारण यात्रेकरू चटई आणि स्लीपिंग बॅग घेऊन येतो. पलंग मागितला असता तर ज्यांच्याकडे जास्तीची खोली आहे त्यांचीच दारं उघडली असती. मेळावा साधारण २८ डिसेंबर ते १ जानेवारी. नाश्ता यजमानांकडे, सकाळची प्रार्थना पॅरिशमध्ये, मग लहान गटांत चर्चा, आणि दुपार-संध्याकाळची प्रार्थना मोठ्या सभागृहात. ३१ तारखेला रात्री अकराला प्रत्येक पॅरिशमध्ये शांतीसाठी प्रार्थना, त्यानंतर देशोदेशीची गाणी आणि खेळ. १ जानेवारीला दुपारचं जेवण यजमान कुटुंबात.

भाषेचा प्रश्नही असाच विचारपूर्वक सोडवला. गाणी एक-दोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची. त्यांपैकी पुष्कळांना चाल जाक बेर्तिए यांनी दिली. बरीच लॅटिनमध्ये आहेत, कारण लॅटिन आज कुणाचीच मायबोली नाही, त्यामुळे कुणी यजमान आणि कुणी पाहुणा उरत नाही. वाचन तोकडं, अनेक भाषांत. आणि मध्ये आठ-दहा मिनिटांची शांतता, जिला अनुवाद लागत नाही.

१९९६ च्या ईस्टरला जर्मनीतल्या कोलोनहून निघालेली ‘समेटाची पदयात्रा’ पहिल्या क्रुसेडच्या वाटेनेच गेली. वाटेत मुस्लिम, ज्यू आणि पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांसमोर क्षमायाचनेचा मजकूर वाचायचा, एवढाच तिचा हेतू. कोलोनच्या मशिदीत सुरुवात झाली आणि १५ जुलै १९९९ रोजी, बरोबर नऊशे वर्षांनी, ती जेरुसलेमला पोहोचली. २००२ पासून जागतिक चर्च परिषद पॅलेस्टाइन-इस्रायलमध्ये स्वयंसेवकांना साधारण तीन महिन्यांसाठी पाठवू लागली: तपासणी नाक्यांवर उभं राहणं, शाळेत जाणाऱ्या मुलांसोबत चालणं, दिसलं ते नोंदवणं. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानच्या महासभेत याच परिषदेने सगळ्या चर्चना ‘न्याय आणि शांतीच्या यात्रे’चं आवाहन केलं.

या यात्रा फसतात त्या ठरावीक जागी. अनुवादाने प्रत्येक बैठकीचा वेळ दुप्पट होतो; तो वेळापत्रकात धरला नाही, तर शेवटी ज्यांना इंग्रजी सफाईने येतं तेच बोलतात. एका गटात सहा ते आठ माणसं असावीत. पंधरा झाली की निम्मी गप्प बसतात. एकाच देशाचे लोक एकाच खोलीत ठेवले की ते आठवडाभर आपापसांतच बोलतात. संघर्षाच्या भागात एकाच बाजूची कैफियत ऐकून परतणारे आणखी कडवट होऊन जातात. त्यातही पवित्र भूमीच्या सात-आठ दिवसांच्या सहलीत पायऱ्या, थडगी आणि दगड पाहण्यात दिवस जातात आणि तिथे राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांशी एकदाही बोलणं होत नाही, ही फार वाईट गोष्ट आहे. क्षमायाचनेचंही तसंच. समोरच्याला न विचारता वाचलेला माफीनामा ऐकणाऱ्यावर ओझं टाकतो. त्याने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षा त्यात नकळत येते. मजकूर आधी पाठवावा, वाचू का म्हणून विचारावं, आणि वाचल्यावर उत्तर मागू नये.

सगळ्यात अवघड जागा वेदीपाशी येते. आठवडाभर एका ताटात जेवलेले कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट रविवारी मिस्सा किंवा प्रभुभोजनाला पोहोचले की बहुधा वेगळे होतात, कारण कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे नियम इतर ख्रिस्ती लोकांना प्रभुभोजन सहसा घेऊ देत नाहीत. हे पहिल्याच दिवशी सांगावं. ऐनवेळी कळलं तर माणूस दुखावतो. ऑर्थोडॉक्स उपासनेच्या शेवटी आशीर्वादित भाकरीचे तुकडे वाटतात, ते पाहुण्यांनाही मिळतात. मिश्र गटाला घेऊन गेलात तर तोवर थांबा.