बॉनेटचा रंग गेलाय? स्प्रे घ्यायच्या आधी हे वाचा

दुकानात आल्या आल्या पहिला प्रश्न असतो, स्प्रेचा कुठला डबा देता? डब्याचं नंतर बघू, आधी गाडी बघा. बॉनेट आणि टपावर ऊन थेट पडतं म्हणून रंग आधी तिथलाच जातो, पण गेला म्हणजे नक्की काय झालंय त्यावर सगळा खर्च ठरतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन एक कोपरा घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला आणि खालून चमक आली तर रंग नुसता वरवर मेलाय, कंपाउंड आणि पॉलिशवर भागेल, रंग विकत घेऊ नका (हो, आमचा धंदा रंगाचाच आहे, तरी सांगतोय). फडकं कोरं राहिलं आणि पांढरट चट्टे नाहीतर पोपडे दिसतायत, तर वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सुटलाय. तो पॉलिशने परत येत नाही, आणि वरून नवीन क्लिअर मारला तर जुन्या पोपड्याची कड तशीच दिसते आणि तिथूनच परत सुटायला लागतो.

मग रंगवायचंच ठरलं तर एका वेळी एकच पॅनल घ्या, आणि पूर्ण घ्या, कडेपासून कडेपर्यंत. मधेच पॅच मारला की तो लांबूनही ओळखू येतो. साधा पांढरा, काळा, लाल असेल तर घरी बरं जमतं. सिल्व्हर किंवा मेटॅलिक असेल तर हात कसा फिरला त्यावर शेड बदलते, बाजूच्या दारापेक्षा थोडा फरक राहणार हे धरून चला.

सगळा खेळ घासण्यात आहे. पण घासायच्या आधी धुवा आणि वॅक्स-ग्रीस काढायच्या लिक्विडने पुसा, कारण जुनं वॅक्स तसंच ठेवून घासलं तर ते ओरखड्यांमधे जाऊन बसतं आणि नंतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सुटलेल्या रंगाची कड ३२० नंबरच्या सँडपेपरने उतरती करा, बोट फिरवल्यावर पायरी लागायला नको, डोळ्यापेक्षा बोटाला ते लवकर कळतं. गंज असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारा, नाहीतर गंज आतून परत वर येतो. खड्डा असेल तर पुट्टी, पण हार्डनर (पुट्टी घट्ट करणारं) अंदाजे ओतू नका, साधारण २ टक्के लागतं, जास्त झालं तर वरच्या रंगावर डाग उमटू शकतो. मग प्रायमर मारा, तो वाळला की त्यावर काळ्या स्प्रेची अगदी पुसट फवारणी करा आणि ६०० च्या वॉटर पेपरने घासा, काळं जिथे राहील तिथे अजून खोलगट आहे. ही युक्ती फुकटची आहे पण लोक हीच टाळतात. आणि प्रायमर मारून गाडी पावसात उभी करू नका, साधा प्रायमर पाणी धरतो.

रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर असतो, सहसा सापडतो. आधी एका पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, गाडीला लावून बघा. डबा २ मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटीमीटर लांबून मारा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवा आणि पॅनलच्या बाहेर जाऊन हात थांबवा. पातळ कोट, मधे १० मिनिटं. एकाच कोटात झाकायला गेलात की ओघळ ठरलेला. बेस कोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, वाळल्यावर मळकट, बिनचमकीचा दिसतो, घाबरून परत परत मारू नका, चमक क्लिअरने येते. क्लिअरचा पुढचा कोट कधी मारायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळाच, चुकीच्या वेळी मारला तर खालचा रंग सुरकुततो. हवा दमट असेल तर त्या दिवशी राहू द्या, वर पांढरट धूर बसतो. प्लास्टिक बंपरला आधी प्लास्टिक प्रायमर.

साध्या डब्यातला क्लिअर पेट्रोलला टिकत नाही, टाकीच्या झाकणाजवळ सांभाळा. टिकणारा हवा तर हार्डनरवाला टू-के क्लिअर आहे, पण त्यात आयसोसायनेट नावाचं विषारी रसायन असतं, धुळीचा मास्क त्याला काहीच करत नाही, बाहेरून ताजी हवा देणारा मास्क लागतो. तो घरी मारू नका असंच आम्ही सांगतो, तेवढा कोट पेंटरकडून मारून घ्या, घासणं तुम्ही केलंय म्हणजे मजुरी तशीही कमी होते. साधा स्प्रेसुद्धा मोकळ्या हवेत, जवळ विडी-सिगरेट, शेगडी काही नको.

क्लिअर नीट कडक झाला की २००० च्या पेपरने पाणी मारत हलकं घासून पॉलिश, आणि वॅक्स महिनाभर नाही. दुकानात येताना कलर कोड आणि उजेडात काढलेला पॅनलचा फोटो घेऊन या.