घसा दुखतोय: ॲपवरचा डॉक्टर आणि आपला डॉक्टर

एक जण म्हणतो, "ऑनलाइन डॉक्टर ऊठसूट अँटिबायोटिक देतात." दुसरा म्हणतो, "आमच्या डॉक्टरांनी तर फोनवर साफ नको सांगितलं." दोघंही खरं बोलतात, पण 'ऑनलाइन' म्हणून ते दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. हा गोंधळ ऐकून कंटाळा आलाय. रांग, फी, प्रवास हे फरक सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ.

आपले नेहमीचे डॉक्टर फोनवर असले तरी मुलाचे जुने कागद त्यांच्यापाशी असतात आणि "दुपारी घेऊन या" असं ते सांगू शकतात. ॲपवरच्या अनोळखी डॉक्टरला हे दोन्ही जमत नाही. अमेरिकेतल्या विमाधारक मुलांच्या सर्दी, घसा, कान अशा तक्रारींवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲपवरच्या भेटींपैकी ५२ टक्के भेटींत अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, नेहमीच्या डॉक्टरांकडे ३१ टक्के. आणि तातडीच्या, वेळ न घेता जाता येणाऱ्या दवाखान्यांत? ४२ टक्के. तिथे तर डॉक्टर समोर बसलेला असतो! त्यामुळे सगळा दोष स्क्रीनवर ढकलणं मला पटत नाही. ओळख आणि पुन्हा भेटण्याची सोय यांचाही त्यात वाटा असणार.

स्क्रीनचा खरा तोटा घशात कळतो. मुलांच्या घसादुखीत साधारण २० ते ३० टक्के वेळाच स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असतो, मोठ्यांत ५ ते १५. बाकी बहुतेक विषाणू, आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. टॉन्सिलचा कितीही स्पष्ट फोटो पाठवा, नुसतं बघून हा फरक खात्रीने करता येत नाही. घशातून बोळा फिरवून चाचणीच करावी लागते. "फोटोत पांढरे ठिपके दिसतायत, मग द्या ना औषध" हा आग्रह मला अजिबात आवडत नाही. कानाचंही तसंच: पडदा फुगलाय का, हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

उलट तरुण, निरोगी बाईला लघवीला जळजळ होतेय, सारखं जावं लागतंय, अंगावरून पांढरं जात नाही, ताप नाही आणि ती गरोदर नाही, तर नुसत्या बोलण्यावरून लघवीच्या जंतुसंसर्गाचं निदान बहुतेक पक्कं होतं. इथे फोन कमी पडत नाही.

घशासाठी मात्र व्हिडिओवरच्या डॉक्टरने "आधी चाचणी करा, औषध नंतर" म्हटलं, तर चिडू नका. संधिवाताचा ताप (स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीवर उपचार झाले नाहीत तर नंतर होऊ शकणारा, हृदयाला इजा करू शकणारा आजार) टाळण्यासाठी घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झालं तरी चालतं. श्वास घ्यायला किंवा लाळ गिळायला त्रास होत असेल, तर मात्र थेट दवाखाना गाठा.